निळ्या पडद्याची शाळा

महाराष्ट्रातल्या कॉलेजात ज्यांनी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष काढलंय, त्यांच्यातल्या अनेकांना एक निळा पडदा ओळखीचा असतो. गडद निळी पाटी, वर करड्या रंगाची मेनूची पट्टी आणि पिवळी अक्षरं. टर्बो सी प्लस प्लस. सरांनी फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम उतरवून घ्यायचा, कंट्रोल धरून एफ९ दाबायचं, क्षणभर काळा पडदा चमकून पुन्हा निळा आला की शेजारच्याला विचारायचं, "आउटपुट कुठं गेलं रे?" मग वर्गातला कुणी जाणकार सांगतो, "शेवटी 'गेटच' लिही, म्हणजे थांबतं." का थांबतं, ते सहसा तोही सांगत नाही.

हा निळा पडदा १९९०च्या सुमाराचा आहे. म्हणजे तो वापरणाऱ्या मुलांपेक्षा वयानं मोठा. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो मुळात चालतच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाचं एक आवरण घालून चालवावा लागतो, आणि डॉसबॉक्स तयार झालं ते जुने गेम खेळण्यासाठी. आपली प्रोग्रॅमिंगची पहिली इयत्ता अशी एका खेळण्याच्या पेटीत भरते, यावर इंटरनेटवर भरपूर विनोद झाले आहेत. विनोद रास्त आहेत. पण हा पडदा इथवर आला कसा आणि त्याच्या काळात तो कुणासाठी काय होता, हे पाहिलं की हसण्याबरोबर थोडा आदरही वाटायला लागतो. कारण टेबलावरच्या संगणकासाठी सॉफ्टवेअर लिहायला माणसं कशी शिकली, या इतिहासात एकच दार पुन्हा पुन्हा बंद झालं आहे आणि पुन्हा पुन्हा कुणीतरी ते उघडलं आहे. हा पडदा त्या उघडणाऱ्यांपैकी एक होता.

पहाटेचे चार

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग्राम लिहिणं म्हणजे कार्डांना भोकं पाडणं. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरच्या हाती द्यायचा आणि उत्तरासाठी काही तास, कधी दुसरा दिवस उजाडेपर्यंत थांबायचं. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. अशा पद्धतीनं शिकता येत होतं, पण त्यासाठी लागणारी चिकाटी फार थोड्यांकडे असते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजात गणित शिकवणाऱ्या जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांना हे खटकत होतं. त्यांच्या कॉलेजातली बहुतेक मुलं विज्ञानाची नव्हती. पुढे हीच मुलं कंपन्या चालवणार, सरकारात जाणार, संगणकाबद्दल निर्णय घेणार. मग त्यांना तो वापरून पाहता यायला नको का? दोघांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून दोन गोष्टी केल्या. एक यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था, आणि नवख्याला दोन-तीन तासांत जमेल अशी भाषा. १ मे १९६४च्या पहाटे चारच्या सुमारास बेसिकचे पहिले प्रोग्राम चालले. 'लेट', 'प्रिंट', 'गोटू' असे साधे इंग्रजी शब्द, प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि उत्तर लगेच समोर.

डार्टमथचं यंत्र काही टेबलावर मावणारं नव्हतं. पण भाषा मावली. १९७५ साली अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक आला, तेव्हा बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक लिहिलं आणि त्यातूनच मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. लोकांनी त्या बेसिकच्या कागदी फितीच्या नकला काढून एकमेकांना वाटल्या. १९७६च्या फेब्रुवारीत गेट्स यांनी हौशी मंडळींना उघडं पत्र लिहून त्याला चोरी म्हटलं. शिकण्याचं साधन कुणाचं आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे भांडण या क्षेत्राइतकंच जुनं आहे.

१९७७ पासून ॲपल टू, कमोडोर पेट, टीआरएस-८० असे तयार संगणक दुकानांत आले. त्यांच्यात बेसिक आतच भरलेलं असे. बटण दाबलं की चित्रं नाहीत, ॲपं नाहीत, एक लुकलुकणारा कर्सर. तुम्ही काहीतरी लिहा, मग मी काहीतरी करतो, असा त्याचा सरळ व्यवहार. गेम खेळायचा तरी त्याच भाषेत दोन शब्द टाईप करावे लागत. मासिकांत अख्खे प्रोग्राम छापून येत. मुलं ते ओळीनं टाईप करत, कुठेतरी एक आकडा चुकवत आणि मग ती चूक शोधता शोधता प्रोग्राम वाचायला शिकत.

भारतातही या कर्सरची एक छोटी लाट येऊन गेली. १९८४-८५ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक आले. बीबीसीनं इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला संगणक शिकवण्यासाठी जो यंत्रप्रपंच उभा केला होता, तोच हा. त्याच्यातही बेसिक आत भरलेलं होतं. देशाच्या मानानं अडीचशे शाळा म्हणजे समुद्रात खसखस. पण त्या शाळांतल्या मुलांना संगणकाची पहिली ओळख झाली ती लिहिण्याचं यंत्र म्हणून.

पन्नास डॉलरांचं खोकं

बेसिकला एक मर्यादा होती. संगणक प्रोग्रामची ओळ वाचणार, तिचा अर्थ लावणार, मग ती पाळणार. प्रत्येक वेळी हाच उपद्व्याप, त्यामुळे वेग कमी. गिऱ्हाइकाला विकता येईल असं सॉफ्टवेअर करायचं तर कंपायलर लागे. कंपायलर म्हणजे तुमचा अख्खा प्रोग्राम एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवणारा दुभाषी. हे कंपायलर शेकडो डॉलरना मिळत आणि ते वापरणं हे निगुतीचं काम होतं. एका प्रोग्रामात लिहायचं, तो बंद करायचा, फ्लॉपी बदलायची, कंपायलर चालवायचा, मग लिंकर. चूक निघाली की तिचा ओळक्रमांक कागदावर टिपून पुन्हा पहिल्या पायरीवर. कार्डांचा गठ्ठा गेला होता, पण त्याची चाल तशीच राहिली होती.

डेन्मार्कमधल्या अँडर्स हेल्सबर्ग नावाच्या विशीतल्या तरुणानं पास्कल भाषेचा एक चिमुकला, विलक्षण वेगवान कंपायलर लिहिला. फ्रान्सहून कॅलिफोर्नियात आलेल्या फिलिप कान यांच्या बोरलँड कंपनीनं १९८३च्या नोव्हेंबरात तो टर्बो पास्कल या नावानं बाजारात आणला. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. लिहिण्याची जागा आणि कंपायलर एकाच प्रोग्रामात, आणि तो अख्खा प्रोग्राम चाळीस किलोबाइटच्या आत. आज फोनवर आलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो याहून मोठा असतो.

स्वस्ताईइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची होती. कंपाइल करताना चूक सापडली की टर्बो पास्कल थांबे आणि कर्सर नेमका चुकीच्या जागी नेऊन ठेवी. दुरुस्त करा, पुन्हा चालवा, काही सेकंदांचं काम. चूक करणं आणि चूक कळणं यांच्यातलं अंतर असं तासांवरून सेकंदांवर आलं. ज्यांनी तबला, पोहणं किंवा भाकरी थापणं असलं काही हातानं शिकलंय, त्यांना या अंतराची किंमत वेगळी सांगायला नको. भाकरी तुटल्याचं आठवड्यानं कळलं असतं, तर कुणालाच भाकरी आली नसती.

बोरलँडचा परवानाही मजेशीर होता. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा, असं त्यात म्हटलं होतं. एका वेळी एकच माणूस वाचत असेल तर ते कुठल्याही संगणकावर घाला, कुणालाही द्या. १९८७ मध्ये टर्बो सी आलं, १९९० मध्ये टर्बो सी प्लस प्लस. आपला निळा पडदा तो हाच.

भारतात ते पुस्तकासारखं वाटलं गेलं हे खरं, फक्त एका वेळी एकाच वाचकाची अट कुणी मनावर घेतली नाही. ते फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, क्लासमधून कॉलेजात, कॉलेजातून घरी असं फिरलं. डॉलरमध्ये किंमत मोजणं तेव्हाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होतं. याला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ते उघड आहे, आणि शिकणाऱ्या अख्ख्या पिढीची सुरुवात त्यातून झाली हेही उघड आहे. दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत.

इंटरनेट नव्हतं. मग अडलं तर विचारायचं कुणाला? त्याचं उत्तर पडद्यातच होतं. कुठल्याही शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ१ दाबलं की त्या शब्दाचा अर्थ, वापर आणि बहुतेकदा चालणारं उदाहरण समोर येई. उदाहरण उचलायचं, आपल्या पानावर ठेवायचं, चालवायचं, मग मोडून पाहायचं. लातूर-परभणीच्या मुलाला आणि कॅलिफोर्नियातल्या मुलाला या बाबतीत तरी एकच मास्तर होता. दुसरा मास्तर नागपूरचा. यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकानं देशभरातल्या विद्यार्थ्यांना सी शिकवलं. आधीचं काही येत नाही असं धरून चालायचं, छोटे प्रोग्राम द्यायचे आणि प्रकरणाच्या शेवटी भरपूर प्रश्न. पुस्तक इंग्रजीत होतं, पण मराठी शाळेतून आलेल्या मुलाला झेपेल अशा इंग्रजीत.

या काळात आपल्याकडे काय लिहिलं गेलं, याची दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत असलेली. बंगळूरच्या श्यामसुंदर गोएंका यांना धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचा मुलगा भरत यानं ते स्वतः लिहिलं. १९८६ची ही गोष्ट, आणि त्या सॉफ्टवेअरला पुढे टॅली हे नाव मिळालं. दुसरं पुण्याचं. कैलास काटकर उपकरणं दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत. संगणकाचं शिक्षण घेत असलेला धाकटा भाऊ संजय यानं त्यावर औषध म्हणून प्रोग्राम लिहायला घेतले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यांतून क्विक हील उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी अडचण दुकानातली, माणूस घरातला आणि यंत्र टेबलावरचं. अडचण ज्या यंत्रावर होती, त्याच यंत्रावर बसून तिचा इलाज लिहिता येत होता. या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि पुढे तो परत लागणार आहे.

खिडक्या आल्या, दार बंद झालं

१९८४च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश आला. माउस, खिडक्या, चित्रं. वापरणाऱ्यासाठी सगळं सोपं. पण बटण दाबल्यावर कर्सर लुकलुकत नव्हता. मॅकसाठी सॉफ्टवेअर लिहायचं तर सुरुवातीला ॲपलचाच लिसा हा दुसरा संगणक लागे. मॅक २,४९५ डॉलरना होता, आणि लिसा आदल्या वर्षी बाजारात आला तेव्हा ९,९९५ला. वापरायला सोपा असलेला पहिला लोकप्रिय संगणक लिहिणाऱ्याला मात्र बराच महाग पडत होता.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचंही तेच. पहिली आवृत्ती १९८५ची, ती खऱ्या अर्थानं पसरली १९९०च्या विंडोज ३.० पासून. चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'प्रोग्रॅमिंग विंडोज' हे पुस्तक १९८८ मध्ये आलं. विंडोजवर लिहिणाऱ्यांचं हे बायबल. त्यात पडद्यावर एक खिडकी उघडून एक वाक्य दाखवायला ऐंशीच्या आसपास ओळी लागत होत्या. सी शिकताना हेच काम पाच ओळींत होतं.

इतकं काय बदललं? इथं आपल्याला तो 'गेटच' उपयोगी पडतो. निळ्या पडद्यावर लिहिलेला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालतो आणि संपतो. संपला की मालक म्हणून निळा पडदा परत येतो, त्यामुळे आउटपुट दिसेनासं होतं. 'गेटच' म्हणजे 'एक कळ दाबली जाईपर्यंत थांब'. प्रोग्राम थांबतो म्हणून संपत नाही, संपत नाही म्हणून पडदा जात नाही. या जगात कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे प्रोग्राम ठरवतो. वर्गातल्या कडक मास्तरांसारखा. मी विचारीन तेव्हाच उत्तर द्यायचं.

खिडक्यांच्या जगात हे चालत नाही. वापरणारा कधी बटण दाबेल, कधी खिडकी ओढेल, कधी मध्येच दुसऱ्या प्रोग्रामकडे जाईल. म्हणून प्रोग्रामला मास्तर न राहता तहसील कचेरीच्या खिडकीवरचा कारकून व्हावं लागतं. रांगेतून एकेक निरोप येणार. माउस दाबला, कळ दाबली, खिडकीचा आकार बदलला. ज्या निरोपाचं काम आपलं, ते करायचं, उरलेलं विंडोजकडे ढकलायचं आणि पुढच्याला बोलवायचं. ऐंशीतल्या बहुतेक ओळी ही रांग लावण्यात जात. कल्पना मुळात अवघड नाही, पण शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सगळी कचेरी बांधायला लावली तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

कचेरी आधीच बांधून ठेवली तर

हे दार दोन बाजूंनी उघडलं. ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी हायपरकार्ड केलं. १९८७ पासून ते मॅकबरोबर फुकट मिळू लागलं. पडद्यावर कार्डं, कार्डांवर बटणं, बटणाच्या पोटात इंग्रजीसारख्या भाषेतल्या चार ओळी. शिक्षकांनी धडे केले, दुकानदारांनी याद्या केल्या आणि दोन भावांनी 'मिस्ट' नावाचा गेम केला, तो १९९३ मध्ये आला आणि जगभर गाजला.

दुसरी बाजू ॲलन कूपर यांची. ट्रायपॉड नावाचा त्यांचा प्रोग्राम होता. पडद्यावर खोकी, बटणं, याद्या ओढून आणून वापरणाऱ्यानं स्वतःचा पडदा मांडायचा. १९८८च्या मार्चमध्ये त्यांनी तो बिल गेट्सना दाखवला. मायक्रोसॉफ्टनं तो घेतला आणि पुढे त्याच्यामागे बेसिक भाषा जोडायचं ठरवलं. २० मे १९९१ रोजी व्हिज्युअल बेसिक जाहीर झालं. डार्टमथच्या पहाटेनंतर सत्तावीस वर्षांनी तीच भाषा खिडकीत येऊन बसली.

व्हिज्युअल बेसिकमध्ये कोरा फॉर्म समोर येतो. त्यावर बटण ओढून ठेवायचं. बटणावर दोनदा टिचकी मारली की लिहायला जागा उघडते. हे बटण दाबलं तर काय करायचं, तेवढंच लिहा. रांग, निरोप, कारकून सगळं आत तयार. त्या ऐंशी ओळी कुणीतरी आपल्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या.

१९९८ मध्ये आलेलं व्हिज्युअल बेसिक ६ आपल्याकडे फार खोल रुजलं. त्या पुढच्या दशकात बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमा केलेल्या कुणालाही विचारा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय होता? लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, पेरोल. पुढे व्हीबी, मागे ॲक्सेसचा डेटाबेस. तयार प्रोजेक्ट विकत मिळत, हे खरं. पण ज्यांनी स्वतः केले, त्यांच्यातल्या काहींनी गावी परत जाऊन मेडिकल स्टोअरची बिलं, पतसंस्थेचे हप्ते, शाळेचे निकाल यांची सॉफ्टवेअरं लिहिली. त्यासाठी कुणाला अमेरिकेला जावं लागलं नाही की पुण्याच्या आयटी पार्कात. सी लिहिणारे व्हीबीवाल्यांकडे जरा खालच्या नजरेनं पाहत, 'ओढाओढीचं प्रोग्रॅमिंग' म्हणून. पतसंस्थेच्या क्लार्कला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याची वही बरोबर जुळत होती.

प्रश्नचिन्हांची रांग

आयत्या बांधलेल्या कचेरीचा तोटा एकच. भिंतीत काय गाडलंय ते दिसत नाही. मराठी लिहिणाऱ्याला ते फार लवकर कळलं.

पतसंस्थेच्या फॉर्मवर 'सभासदाचे नाव' मराठीत हवं असे. त्यासाठी वर्षानुवर्षं चाललेली युक्ती अशी: फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त दिसायला मराठी. पुण्याच्या सी-डॅकनं आणि खासगी कंपन्यांनी असे उत्तम फाँट केले, महाराष्ट्रातली छपाई आणि कचेऱ्या त्यांवर चालल्या. पण ज्याच्या त्याच्या फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी. फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सभासदाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. नावं वर्णानुक्रमे लावायला सांगितली तर संगणक ती त्या चिवड्याच्या क्रमानं लावणार.

याचं खरं उत्तर युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच त्यात देवनागरी होती आणि विंडोज २०००मध्ये ती थेट टाईप करता येऊ लागली. मग विद्यार्थ्यानं उत्साहानं युनिकोड मराठी आणून व्हीबी ६च्या खोक्यात टाकावं, तर समोर प्रश्नचिन्हांची रांग. गंमत म्हणजे व्हीबी ६ पोटात अक्षरं युनिकोडमध्येच ठेवत होतं. पण त्याची पडद्यावरची खोकी आणि बटणं जुन्या पद्धतीची. अक्षर आतून बाहेर येताना त्याला ओळखीचं घर मिळालं नाही की त्याचं प्रश्नचिन्ह व्हायचं.

आपल्या आईचं नाव आपणच लिहिलेल्या प्रोग्राममध्ये प्रश्नचिन्हं होऊन उमटणं, हा काही केवळ तांत्रिक अनुभव नाही. साधन कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय, हे त्या क्षणी कळतं. आणि ज्यानं त्याचा छडा लावायचा ठरवलं, तो अक्षर म्हणजे काय, क्रमांक म्हणजे काय, पडद्यावर आकार कसा उमटतो, हे सगळं शिकला. अभ्यासक्रमात हा धडा नव्हता. गरजेनं घेतला.

शिकलेलं जुनं होतं तेव्हा

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिकची नवी पिढी आणली, व्हीबी डॉट नेट. नाव तेच, आतून भाषा इतकी बदललेली की जुने प्रोग्राम सरळ तिच्यात चालेनात. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच गौरवलेल्या अनेक तज्ज्ञांनी जुनं व्हीबी चालू ठेवा अशी जाहीर विनंती केली. ती मान्य झाली नाही. २००८च्या एप्रिलमध्ये व्हीबी ६ या साधनाचा अधिकृत आधार पूर्ण संपला. त्यात लिहिलेले प्रोग्राम मात्र विंडोज ११वरही चालतात, कारण त्यांना लागणारा पाया मायक्रोसॉफ्ट आजही विंडोजबरोबर देते. गावातली पतसंस्था अजून त्याच फॉर्मवर हप्ते भरून घेत असेल तर नवल नाही.

मग शिकलेलं वाया गेलं का? इथं अँडर्स हेल्सबर्गचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. टर्बो पास्कलनंतर त्यांनी बोरलँडमध्ये डेल्फी घडवलं. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी आलेलं हे साधन म्हणजे पास्कल आणि व्हीबीसारखी फॉर्मची सोय. १९९६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि सी शार्पचे मुख्य रचनाकार झाले. २०१२ मध्ये त्यांची टाईपस्क्रिप्ट आली. आज जगभर वापरला जाणारा व्हीएस कोड हा संपादक टाईपस्क्रिप्टमध्येच लिहिला आहे. भाषा चार, कंपन्या दोन, पण टाईप करतानाच चूक लाल रेघेनं दाखवायची ही आस चाळीस किलोबाइटच्या त्या प्रोग्रामपासून चालत आलेली. बटणाच्या पोटात चार ओळी लिहायची व्हीबीची रीतही मेली नाही. तुमच्या फोनवरच्या प्रत्येक बटणामागे तोच खिडकीवरचा कारकून बसलेला आहे. ज्यानं ही रांग एकदा समजून घेतली, त्याला नव्या भाषेत फक्त शब्द बदलावे लागले. ज्यानं फक्त मेनू पाठ केले, त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

लिसा परत आला

आज साधनं फुकट आहेत. टर्बो पास्कलचे पन्नास डॉलरही लागत नाहीत. शिकवणारे व्हिडिओ अमाप. तरी मघाचा मुद्दा परत लागतो तो इथं. आपल्याकडच्या असंख्य घरांत एकच संगणक आहे, तो म्हणजे फोन. त्या फोनसाठी ॲप लिहायचं अधिकृत साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, फोनवर चालत नाही. आयफोनसाठीचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. ॲपलनं आयपॅडवर थोडी फट उघडली आहे, अँड्रॉइडवरही काही खटपटी मंडळींनी पायवाटा काढल्या आहेत, पण राजरस्ता हाच: वापरायचं यंत्र एक आणि लिहायचं यंत्र दुसरं, जास्त महाग. १९८४ सालचा मॅक आणि लिसा यांचाच हिशेब.

म्हणून कॉलेजातली ती लॅब आजही महत्त्वाची आहे. अनेक मुलांना कीबोर्ड असलेला, लिहिता येणारा संगणक तिथंच पहिल्यांदा हाताला लागतो. तिथं निळा पडदा असावा का? नसावा, असं माझं मत आहे. त्याची सेवा झाली. पण तो काढताना त्याच्याकडे काय होतं ते मोजून घ्यायला हवं: चूक सेकंदात कळणं, अर्थ सांगणारा मास्तर पेटीतच असणं, आणि बनवलेली वस्तू त्याच यंत्रावर चालणं.

हे तिन्ही आज एका साध्या जागी मिळतं. विंडोजवर पायथन घातलं की त्याच्याबरोबर लिहिण्यासाठी आयडल आणि खिडक्या करण्यासाठी टीकेइंटर आपोआप येतं. पाच-सहा ओळींत खिडकी उघडते, त्यात बटण बसतं. पेटझोल्डच्या ऐंशी ओळींची आठवण ठेवून ते करून पाहावं. बटणावर 'जतन करा' लिहिलं तर 'जतन करा'च उमटतं, प्रश्नचिन्हं येत नाहीत. इतकंच काय, प्रोग्राममधल्या आपल्या नावांनाही देवनागरी चालते. 'सभासद', 'हप्ता', 'शिल्लक' ही नावं आता कोडमध्ये जशीच्या तशी लिहिता येतात. भाषेचे मूळ शब्द अजून इंग्रजी आहेत, तेवढं ओझं उरलं आहे.

आणि ज्या लॅबमध्ये पडदा अजून निळाच आहे, तिथंही एक करता येण्यासारखं आहे. पुढच्या खेपेला कुणी विचारलं, आउटपुट कुठं गेलं रे, तर त्याला 'गेटच लिही' एवढं सांगून सोडू नका. ऑल्ट धरून एफ५ दाबायला सांगा, म्हणजे गेलेला काळा पडदा परत दिसेल. मग प्रोग्राम संपला म्हणून तो गेला होता आणि 'गेटच' त्याला थांबवून धरतं, हेही सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.